सलोखा: भावना की व्यवस्था? मोहल्ला कमिट्यांचा इतिहास



संयोजकांनी मला विषय सुचवला होता 'सर्वधर्मसमभाव'. मी त्यांना विनंती केली की विषय तोच ठेवू, पण वाट जरा वेगळी धरू. समभाव हा शब्दच सांगतो की तो एक भाव आहे, मनातली गोष्ट आहे. मनातल्या गोष्टींवर मी वर्गात आयुष्यभर बोललो, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला दुसरं काय येतं! आज मला जमिनीवरच्या एका कामाबद्दल बोलायचं आहे. भिवंडीत सुरू झालेलं आणि पुढे मुंबईत एका विश्वस्त संस्थेनं चालवलेलं मोहल्ला कमिट्यांचं काम. या कामाला आता तीन दशकांहून अधिक काळ झाला. त्याचा इतिहास सांगता सांगता मला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. माणसं एकमेकांचे धर्म समजून घेतात आणि म्हणून नीट एकत्र राहतात, की आधी एकत्र काम करायला लागतात आणि मग हळूहळू समजून घेतात? आधी काय?

सुरुवात जरा मागून करतो. १८९३ साल. आपल्याला हे साल शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेमुळे पाठ आहे. ११ सप्टेंबर १८९३ ला ती सुरू झाली. स्वामी विवेकानंद तिथे गेले होते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. मुंबईकडून ब्राह्मोसमाजाच्या वतीनं बी. बी. नगरकर गेले होते, जैन धर्माच्या वतीनं वीरचंद गांधी गेले होते, हे मात्र आपण विसरलो. जगातले धर्म एका मंचावर आले, एकमेकांचं ऐकून घेतलं, टाळ्या झाल्या. पण त्याच्या बरोबर एक महिना आधी, ११ ऑगस्ट १८९३ ला, मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती. कारण काय? काठेवाडातल्या प्रभासपाटणला आधीच्या महिन्यात दंगा झाला होता, त्याच्या बातम्या मुंबईत येत होत्या, सभा होत होत्या, वर्गण्या जमत होत्या. शेकडो मैलांवरचं भांडण इथल्या गल्लीत येऊन पेटलं.

आता बघा, एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात या दोन गोष्टी घडल्या. शिकागोचं महत्त्व मी कमी करत नाही. पण शिकागोच्या मंचावर जे घडलं त्याचा मुंबईच्या गल्लीशी कुठे सांधा जुळतो का? गल्लीतला माणूस परिषदेला जात नाही. त्याच्या दारात बातमी येते ती 'आपल्या माणसांना मारलं' अशी. त्या क्षणाला त्याच्या मदतीला कुठला ग्रंथ येतो, कुठली परिषद येते? हा प्रश्न तेव्हाचा आहे आणि आजचाही आहे.

आपल्या महाराष्ट्रात एका माणसानं हा सांधा जुळवायचा प्रयत्न फार लवकर केला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. प्रार्थना समाजाच्या मार्फत ते १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, तिथे दोन वर्षं त्यांनी तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास केला. म्हणजे वेगवेगळे धर्म शेजारी शेजारी ठेवून शिकायचे. १९०३ ला परत आले. आता असा विद्वान परत आल्यावर काय करेल? व्याख्यानं देईल, ग्रंथ लिहील. शिंद्यांनी तेही केलं. पण १९०६ च्या ऑक्टोबरात त्यांनी मुंबईत अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली आणि डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं केलं. सगळ्या धर्मांचा अभ्यास करून आलेल्या माणसाला पहिली निकड कशाची वाटली? आपल्याच गावात ज्याला बाहेर बसवलं आहे, त्याला आत घेण्याची. मला वाटतं यात फार खोल समज आहे. परधर्माशी संवाद करणं त्या मानानं सोपं असतं. आपल्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आत घेणं अवघड असतं. सर्वधर्मसमभाव आणि समावेश, या दोन गोष्टी शिंद्यांनी वेगळ्या होऊ दिल्या नाहीत. हे सूत्र मनात ठेवा, शेवटी मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

आता भिवंडी.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. रात्रंदिवस खडखडाट. माग चालवणारे मोमीन-अन्सारी विणकर, उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून आलेले कामगार, तेलंगणातून आलेले पद्मशाली, सुताचे आणि कापडाचे व्यापारी मारवाडी-गुजराती, आणि मूळचे मराठी-कोकणी हिंदू-मुसलमान रहिवासी. एकाचं सूत, दुसऱ्याचा माग, तिसऱ्याचे हात. एकमेकांवाचून कुणाचंच चालत नाही. आपण सहज म्हणतो, की पोटाचा संबंध असला म्हणजे माणसं भांडत नाहीत. भिवंडीनं हे खोटं ठरवलं. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. तिचे पडसाद जळगाव आणि महाडला उमटले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. त्यांचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यातून कळतं की दंगल त्या दिवशी 'झाली' असं आपण म्हणतो खरं, पण ती कित्येक महिने शिजत होती. मिरवणुकीचा मार्ग कुठला, घोषणा कोणत्या, कुणी कुणाविरुद्ध संघटना काढली, कुणी कुठे भाषण केलं, असं एकेक साचत गेलं होतं. आणि चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. ती आग ठाणे आणि मुंबईपर्यंत गेली. अडीचशेहून अधिक माणसं मेली.

तेव्हा शांतता समित्या नव्हत्या का? होत्या की! आपल्याकडे शांतता समित्या फार जुन्या. सण आला की पोलीस ठाण्यात बैठक लागते. गावातली प्रतिष्ठित मंडळी येतात, दोन्हीकडचे पुढारी, एखादे डॉक्टर, एखादे वकील, एखादे मौलाना. चहा होतो, बिस्किटं होतात, 'आमच्या गावात सलोख्याची परंपरा आहे' असं प्रत्येक जण म्हणतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. सण संपला की समिती संपली. मी टिंगल करत नाही. पण या समितीची एक मूलभूत अडचण आहे. जो माणूस दंगलीत दगड उचलतो, आणि ज्याच्या घरावर तो दगड पडतो, त्यांच्यापैकी कुणीच त्या बैठकीत नसतो. शिवाय कधी कधी ज्याच्या इशाऱ्यावर दगड उचलला जातो तो मात्र पुढच्या खुर्चीत बसलेला असतो!

१९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी जे केलं ते सांगायला अगदी साधं आहे. समिती पोलीस ठाण्यातून उचलून मोहल्ल्यात नेली. शहरात सुमारे ७० मोहल्ला कमिट्या केल्या. सभासद कोण? दोन्ही समाजांतली साधी माणसं. दुकानदार, मागवाले, शिक्षक, रिक्षावाले. नेहमीच्या पुढाऱ्यांवर भिस्त ठेवायची नाही हे ठरवून. आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस. बैठक सणापुरती नाही, नियमानं. दंगल नसताना. किंबहुना दंगल नसतानाच.

आणि बैठकीत बोलायचं काय? कुराण-गीतेवर चर्चा? नाही. गटार तुंबलंय. नळाला पाणी येत नाही. कोपऱ्यावर मटक्याचा अड्डा आहे. अमक्याचा पोरगा तमक्याच्या पोरीची छेड काढतो. भाडेकरू घर सोडत नाही. अशा गोष्टी. धर्माचा विषय जवळजवळ नाहीच. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे जरा निराश करणारं वाटतं. पण जरा थांबा.

दंगल कशी होते ते बघा. दंगलीला दोन गोष्टी लागतात, अफवा आणि वेळ. समजा, एका मोहल्ल्यात दोन मुलांची मारामारी झाली. एकाचं डोकं फुटलं. अर्ध्या तासात शेजारच्या मोहल्ल्यात बातमी जाते की 'मुलगा मेला'. तासाभरात 'दोन मेले, देवळातही काहीतरी केलं'. आता या दुसऱ्या मोहल्ल्यातल्या माणसाला खरं काय ते कुणाला विचारता येईल? पोलिसावर त्याचा विश्वास नाही. पलीकडच्या समाजातला एकही माणूस नावानिशी ओळखीचा नाही. तो आपल्याच माणसांना विचारतो, आणि त्यांनाही तेच माहीत असतं जे त्याला माहीत आहे. अफवा अशी गोल गोल फिरत मोठी होते. आता याच ठिकाणी एक माणूस असा आहे, की गेली दोन-तीन वर्षं दर काही दिवसांनी तो पलीकडच्या कुणाबरोबर तरी गटारीवर आणि पाण्यावर बोलत बसला आहे. तो उठतो, त्याच्याकडे जातो किंवा निरोप धाडतो, आणि विचारतो, 'काय झालं रे?' उत्तर मिळतं, 'डोकं फुटलंय, चार टाके पडलेत, पोरगा घरी आहे.' संपलं. तुंबलेल्या गटारीवरची ती कंटाळवाणी बैठक कशासाठी होती? या एका प्रश्नासाठी. तो प्रश्न विचारता यावा आणि उत्तरावर विश्वास बसावा, यासाठी.

६ डिसेंबर १९९२. बाबरी मशीद पाडली गेली. देशभर हिंसाचार झाला. मुंबई डिसेंबरात पेटली, मग जरा निवली, आणि जानेवारीत त्याहून भयानक पेटली. अधिकृत आकडा ९०० मृतांचा आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्यांची वर्गवारी दिली आहे, ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेले इतर आणि ओळख न पटलेले. आणि भिवंडी? १९७० ला पेटलेली, १९८४ ला पेटलेली, मुंबईपासून हाकेच्या अंतरावरची भिवंडी त्या दोन महिन्यांत शांत राहिली. 'दंगलीचं गाव' म्हणून जिच्याकडे बोट दाखवलं जायचं ती शांत, आणि जिच्या सर्वसमावेशकतेचे गोडवे आपण गात होतो ती मुंबई राख. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिलं, त्यामागे हाच प्रश्न आहे: मुंबई जळाली, मग भिवंडी का नाही?

मुंबईत त्या दिवसांत काय झालं ते अहवालात सविस्तर आहे. मला एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. डोंगरीत माथाडी कामगारांची हत्या झाली, जोगेश्वरीला राधाबाई चाळीत घर पेटवून माणसं जाळली गेली. या घटना खऱ्या होत्या, भीषण होत्या. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला त्या ज्या रूपात पोचल्या, त्यातून आणखी माणसं मेली. प्रभासपाटणची बातमी मुंबईला पोचली होती तशीच ही गोष्ट. मध्ये नव्याण्णव वर्षं गेली होती. टेलिव्हिजन आला. पण पलीकडच्या माणसाला 'काय झालं रे?' असं विचारायची सोय तेव्हाही नव्हती आणि आताही नव्हती.

दंगलीनंतर मुंबईत जे काही चांगलं उगवलं त्यात मोहल्ला कमिटी चळवळ येते. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, मुंबईचे माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, रुमानियातल्या राजदूतपदावरून नुकतेच परतले होते. दंगलीनंतरच्या काळात आयुक्त झालेले सतीश साहनी होते. आणि सुशोभा बर्वे होत्या, ज्या दंगलग्रस्त वस्त्यांमधून माणसांचं ऐकत हिंडत होत्या. १९९४ च्या सुमारास या मंडळींनी भिवंडीचा अनुभव समोर ठेवून मुंबईतल्या होरपळलेल्या भागांत मोहल्ला कमिट्या सुरू केल्या, आणि पुढे त्याचा ट्रस्ट झाला, मोहल्ला कमिटी मूव्हमेंट ट्रस्ट.

सुरुवात कशी असेल याची कल्पना करा. ज्या बाईचा नवरा पोलिसांच्या गोळीनं गेला, तिनं पोलीस ठाण्यात येऊन बसायचं. ज्याचं दुकान जळालं त्यानं समोरच्या वस्तीतल्या माणसाशेजारी बसायचं. इथे 'सर्व धर्म एकच सांगतात' असं म्हणून चालत नाही. सुशोभाताईंच्या कामाचं मला महत्त्वाचं वाटणारं सूत्र हे, की आधी ऐकून घ्यायचं. उपदेश नाही, तोडगा नाही. माणसाला जे सोसावं लागलं ते त्याला समोरच्यासमोर बोलू द्यायचं. राग बोलून होतो, तेव्हाच पुढची गोष्ट निघते. आणि पुढची गोष्ट पुन्हा तीच असते, नळ, गटार, पोरांना खेळायला जागा.

खेळावरून आठवलं. या ट्रस्टनं क्रिकेटचे सामने भरवले, वस्त्यांतली तरुण मुलं आणि पोलीस एकत्र. कुणी म्हणेल, क्रिकेटनं काय होतं? होतं असं, की ज्या पोलिसाला तुम्ही फक्त लाठीच्या टोकाला बघितलं आहे, त्याला झेल सोडताना बघता! त्याला नाव मिळतं. आणि तुम्हालाही त्याच्या लेखी नाव मिळतं. पुढच्या वेळी बंदोबस्तात समोरासमोर आलात तर तो एका जमावासमोर उभा नसतो, तो अमक्यासमोर उभा असतो.

धारावीचं उदाहरण तर माहितीपटामुळे पुष्कळांना ठाऊक झालं आहे. भाऊ कोरडे आणि वकार खान. एक मराठी कार्यकर्ते, दुसरे कपडे शिवून विकण्याच्या धंद्यातले. दंगलीनंतर ही दोन माणसं मोहल्ला कमिटीच्या कामात एकत्र आली. वकारभाईंनी चार लहान मुलांना हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती असे पोशाख घालून एक पोस्टर केलं, 'हम सब एक हैं'. ते दुकानांत, रिक्षांत, भिंतींवर लागलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी या दोघांवर २००३ मध्ये 'नाता' नावाचा माहितीपट केला. पोस्टर म्हणाल तर अगदी बाळबोध. कलासमीक्षक नाक मुरडेल. पण ज्या गल्लीत आधी तलवारी निघाल्या, त्या गल्लीच्या भिंतीवर काय असावं हे गल्लीतल्या माणसानं स्वतः ठरवणं, ही छोटी गोष्ट नाही.

आता जरा तत्त्वज्ञानाकडे येऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल, सरांनी आपला विषयच सोडला.

वर्गात दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारायचा, 'सर, शेवटी सगळे धर्म एकच सांगतात ना?' मी त्याला म्हणायचो, समज, एकच सांगत नसतील तर? तर मग भांडायला हरकत नाही, असं आहे का? तो गप्प व्हायचा. आपला सलोखा जर 'सगळं मुळात एकच आहे' या सिद्धांतावर उभा असेल, तर तो फार ठिसूळ आहे. कारण धर्मांत खरोखर फरक आहेत. ईश्वर, मुक्ती, आहार, मूर्ती, यांबद्दल माणसांची मतं प्रामाणिकपणे वेगळी आहेत. मोहल्ला कमिटी हे फरक मिटवायला जात नाही. ती म्हणते, फरक राहू द्या, गटार साफ करू या.

ॲरिस्टॉटल म्हणतो, सद्गुण हे सवयीतून येतात. माणूस आधी धैर्य म्हणजे काय ते समजून घेतो आणि मग धीट होतो असं नाही. धीटपणाची कामं करत करत तो धीट होतो. सलोख्याचंही तसंच आहे. आणि कांटनं १७९५ च्या आपल्या शांततेवरच्या निबंधात एक विचार मांडला आहे, की शांतता ही माणसांमधली नैसर्गिक अवस्था नाही, ती स्थापन करावी लागते. मी त्याला एवढंच जोडीन, की ती नुसती स्थापन करून भागत नाही, तिची डागडुजी करावी लागते. कौलारू घरासारखी. दर पावसाळ्याआधी कौलं चाळावीच लागतात. गेल्या वर्षी गळलं नाही म्हणून यंदा चाळायची नाहीत, असं म्हणणाऱ्याच्या घरात आषाढात काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञानं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात हेच वेगळ्या रीतीनं दाखवलं. १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगली त्यांनी तपासल्या. हिंसाचार मुख्यतः शहरांत होतो, आणि मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे फक्त आठ शहरांत झाले होते. म्हणजे हा काही सबंध देशाच्या रक्तातला रोग नाही. मग शांत शहरं आणि पेटणारी शहरं यांत फरक काय? त्यांचं उत्तर असं, की खेड्यात येता-जाता होणारी ओळख पुरते. शहरात ती पुरत नाही. तिथे संघटना लागतात, ज्यात दोन्ही समाजांची माणसं एकत्र काम करतात. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, मंडळं. नुसता शेजार पुरत नाही, शेजाराला बैठक लागते. भिवंडीत सूत आणि माग यांचा संबंध होताच, १९७० लाही होता. नव्हती ती बैठक.

इथपर्यंत मी तुम्हाला यशाची बाजू सांगितली. पण मी इतिहास सांगतो आहे, आरती म्हणत नाही. या कामावरचे आक्षेप गंभीर आहेत आणि ते मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

पहिला आक्षेप असा, की ही सगळी रचना अधिकाऱ्यावर टेकलेली आहे. चांगला अधिकारी आला तर कमिटी चालते, त्याची बदली झाली की ढेपाळते. कमिटीत हळूहळू तेच जुने प्रतिष्ठित शिरतात, ओळखपत्र खिशात घालून मिरवतात. यात तथ्य आहे. आणि ज्या भिवंडीचं मी एवढं कौतुक केलं, त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये काय झालं? पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून वाद झाला, जमाव जमला, पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली, आणि मग जमावानं दोन पोलिसांना ठार मारलं. लक्षात घ्या, भांडण हिंदू-मुसलमानांचं नव्हतं, लोक आणि पोलीस यांच्यातलं होतं. पण मोहल्ला कमिटीचा पायाच लोक आणि पोलीस यांच्यातला विश्वास हा होता. कौलं चाळायची राहिली, की असं होतं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. तो म्हणतो, तुम्ही शांतता आणली, पण न्यायाचं काय? श्रीकृष्ण आयोगानं १९९८ मध्ये अहवाल दिला. त्यात ३१ पोलिसांवर ठपका होता, राजकीय मंडळींवर होता. त्यावर किती कारवाई झाली हे तुम्ही जाणता. १६८ माणसं बेपत्ता होती. त्यांतल्या १०८ जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळालेली नव्हती, आणि त्यांचा शोध घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, द्यावा लागला. ज्या आईचा मुलगा त्या जानेवारीत घराबाहेर पडला आणि परत आला नाही, तिला आपण काय सांगणार? क्रिकेटचा सामना बघायला या? आक्षेप घेणारे म्हणतात, की मोहल्ला कमिटी म्हणजे जखमेवर खपली धरवण्याचं काम आहे, आत पू तसाच.

यावर माझं म्हणणं असं आहे. मोहल्ला कमिटी न्याय देऊ शकत नाही. तो न्यायालयांनी आणि सरकारनं द्यायचा असतो, आणि त्यांनी तो द्यायचा टाळला तर त्याचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे. शांततेच्या नावाखाली 'झालं गेलं विसरा' असं कुणी म्हणत असेल तर तो सलोखा नव्हे, तो दाबून टाकण्याचा एक प्रकार आहे. पण याची दुसरी बाजूही पाहा. न्यायासाठी साक्षीदार लागतो. पलीकडच्या समाजातला साक्षीदार लागतो, जो उभा राहून सांगेल, 'होय, माझ्या डोळ्यांदेखत झालं.' असा माणूस कुठून येणार? जिथे एकमेकांच्या घरी येणं-जाणं उरलेलं नाही तिथून तो येणार नाही. म्हणून मी या दोहोंना एकमेकांचे शत्रू मानत नाही. मात्र कमिटीवाल्यांनी हे विसरता कामा नये, की आपण अर्धंच काम करतो आहोत.

तिसरा आक्षेप कुणी फारसा घेत नाही, पण मला तो सगळ्यांत जास्त टोचतो. मोहल्ला कमिटीला मोहल्ला लागतो. दोन्ही प्रकारची माणसं राहतात असा. १९९३ नंतर मुंबईत काय झालं? मिश्र वस्त्यांतली माणसं घरं विकून 'आपल्या' माणसांत गेली. मुंब्रा केवढं वाढलं बघा. मिश्र चाळी एकरंगी झाल्या. आणि नव्या सोसायट्यांत आता आडनाव विचारून, काय खाता ते विचारून घर नाकारलं जातं. तिथे दंगल नाही, दगड नाही, सगळं कसं शांत शांत. पण ही शांतता कशाची? समोर दुसरा माणूसच नसल्याची! उद्या अफवा आली तर 'काय झालं रे?' हा प्रश्न विचारणार कुणाला?

आणि इथे मी विठ्ठल रामजींकडे परत येतो. आंतरधर्मीय संवाद आणि समावेश या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्याला तुम्ही आपल्या इमारतीत राहू देत नाही, त्याच्या धर्मग्रंथाचा तुम्ही कितीही आदर केलात तरी त्या आदराचा त्याला उपयोग नाही. उलट, जो तुमच्या जिन्यात रोज भेटतो, ज्याच्याशी तुम्ही पाण्याच्या टाकीवरून भांडता आणि पुन्हा बोलता, त्याच्या धर्मातलं तुम्हाला काही कळलं नाही तरी तुमचं चालून जातं. कळेलही हळूहळू. त्याच्या घरी मयत झाली तर तुम्ही जाल, तुमच्या मुलीच्या लग्नाला तो येईल. समज तिथून येते.

या कामाला एक शाप आहे. ते यशस्वी झालं तर काहीच घडत नाही. दंगल झाली तर आयोग बसतो, अहवाल निघतो, पुस्तकं येतात. दंगल झाली नाही, तर त्याची नोंद कुठल्या दप्तरात होते? २००२ मध्ये गुजरात पेटलं, तेव्हा मुंबई शांत राहिली. ऑगस्ट २००३ मध्ये झवेरी बाजार आणि गेट वे जवळ स्फोट झाले, जुलै २००६ मध्ये लोकलमध्ये सात स्फोट झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. प्रत्येक वेळी भीती होती की आता १९९३ होणार. झालं नाही. त्याचं सगळं श्रेय मोहल्ला कमिट्यांना द्यावं असं मी म्हणणार नाही, कारणं अनेक असतात. पण त्या त्या रात्री कुणीतरी कुणाला तरी फोन केला असेल, कुणी नाक्यावरच्या पोरांना घरी पाठवलं असेल, कुणी बायकांनी मिळून गल्लीच्या तोंडाशी उभं राहून रात्र काढली असेल. त्यांची नावं कुठल्याच इतिहासात नाहीत. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या तरुणांना माझं सांगणं आहे, की घडलेल्या दंगलींचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. न घडलेल्या दंगलींचा लिहा. त्यांचे साक्षीदार अजून हयात आहेत, पण म्हातारे होत चालले आहेत, माझ्यासारखेच!

आणि बाकीच्यांना एवढंच विचारतो. तुमच्या सोसायटीत, तुमच्या मंडळात, तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघात, दुसऱ्या धर्माचा असा एक तरी माणूस आहे का, की ज्याला रात्री अकरा वाजता फोन करून तुम्ही 'काय झालं हो?' असं विचारू शकाल, आणि तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवाल? असेल तर उत्तम, त्याला सांभाळा. नसेल, तर सर्वधर्मसमभावावरची व्याख्यानं जरा बाजूला ठेवा, माझंही ठेवा, आणि आधी तुमच्या गल्लीतलं कुठलं गटार तुंबलंय ते बघा. तिथे तो माणूस भेटेल. त्यालाही वास येतोच आहे.

एवढं बोलून थांबतो.